ज्ञानेश्वरीचा चुडा

मेहताब गेल्यापासून लोक भेटायला येतात आणि बसल्या बसल्या म्हणतात, "चांदभाई, शेवटी दिलाच्या दुखण्यानंच नेलं की." आलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणून मी गप्प बसतो. पण ते खरं नाही. मेहताबला न्यूमोनियानं नेलं. नगरच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसापर्यंत तिची नाडी एका लयीत चालत होती. तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, छातीत पाणी झालंय, फुफ्फुसं ऐकत नाहीत, हृदय मात्र अजून नीट काम करतंय. ते हृदय पुण्याहून दुरुस्त करून आणलेलं होतं. त्याच हृदयावर तिनं आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम करून दाखवलं. ते मी बघितलं, म्हणून लिहून ठेवतो.

आम्ही सोनईचे मन्यार. बांगड्या विकणं आणि भरणं हा पिढ्यांचा धंदा. पेठेत लहानसं दुकान आहे, पण खरं काम लग्नसराईत वस्त्यांवर जाऊन चुडे भरायचं. घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण गिऱ्हाईक सगळं मराठी, म्हणून मेहताब दोन्ही सारख्याच झोकात बोलायची. बांगडी भरायला तिला माझ्या आईनं शिकवलं. पुढं आईच म्हणायला लागली, सुनेचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

बांगडी भरणं म्हणजे ढकलणं नाही. काचेची बांगडी हाताच्या मापापेक्षा लहानच घालायची असते, नाहीतर ती कोपरापर्यंत खुळखुळत जाते. अंगठा तळव्यात मुडपायचा, बोटांची हाडं एकावर एक आणायची आणि बाईचा हात सैल पडायची वाट बघायची. बाई श्वास सोडते तेव्हा हात सैल पडतो. मेहताब आपला अंगठा बाईच्या मनगटावर, नाडीवर ठेवायची. श्वास आत जाताना नाडी जरा घाई करते आणि बाहेर येताना सावकाश होते. ती सावकाश झाली की मेहताबची बांगडी आत. बाईला कळायचंही नाही. ती तोपर्यंत सासूची कागाळी सांगत असायची.

हा अंगठा तिचा तीस वर्षांचा. आणि दुखणं आल्यावर अडचण तिथंच झाली.

दुखणं असं होतं की तिची नाडी मधेच बहकायची. कधी पटापट, कधी एखादा ठोका गाळून, कशाचा कशाला मेळ नाही. दम लागायचा, दुकानाची पायरी चढली तरी बसावं लागायचं. नगरच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून सांगितलं, हृदयाचे वरचे कप्पे थरथरतात, गोळ्यांनी भागत नाही, पुण्याला जा. तिथं मांडीतल्या शिरेतून तार आत घालून हृदयाच्या आत, जिथून थरथर सुरू होते तिथं, बारीक चटके दिले. छाती फाडली नाही. आमची अल्मास नगरला कॉलेजात शिकते, तीच पुण्याला आईबरोबर राहिली. नाडी सरळ झाली. आम्ही खुशीत घरी आलो.

पण घरी आल्यावर मेहताबनं स्वतःचं मनगट धरलं आणि मला हाक मारली. "बघा ओ, सरळ आहे, पण पळतंय."

मी धरून बघितलं. पळत होतं. नुसतं बसलेल्या बाईचं हृदय विहिरीवरून पाणी आणल्यासारखं चाललं होतं. दुखण्याआधी तिची नाडी एवढी सावकाश असायची की अल्मास चेष्टा करायची, अम्मी झोपलीय का बघा. आता ती झोपेतसुद्धा पळत होती. चटके वाया गेले असं मला वाटलं.

पुढच्या तपासणीला पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत. कागदावर हृदय काढलं आणि म्हणाल्या, "हृदयाला स्वतःची चाल असते. ती तशी जलदच असते. मेंदूकडून दोन प्रकारच्या नसा येतात. एक हाकतात, दुसऱ्या आवरतात. बसल्या जागी आपली नाडी सावकाश असते ती आवरणाऱ्या नसांमुळे. त्या नसांच्या लहान लहान गाठी हृदयाला बाहेरून चिकटलेल्या असतात, आणि आम्ही चटके देतो त्याच्या अगदी शेजारी. त्यांनाही आच लागली. म्हणून सध्या आवरणारं कमी पडतंय."

"म्हंजे कासरा सुटला," मेहताब म्हणाली.

डॉक्टरीणबाई शहरातल्या, त्यांना कासरा कळला नाही. अल्मासनं सांगितलं, बैलाचा लगाम. त्या हसल्या. "तसंच. पण बैल उधळलेला नाही. रस्ता सोडत नाही, फक्त जरा जोरात चालतोय. धोका नाही. बहुतेकांचा काही महिन्यांनी, वर्षानं खाली येतो. काहींचा थोडा जलदच राहतो." मग त्यांनी आणखी एक सांगितलं. अशा वेळी नाडी श्वासाबरोबर कमीजास्त होणंसुद्धा जवळजवळ थांबतं, घड्याळासारखी एकसारखी पडते, त्याची भीती बाळगू नका.

मेहताबनं तिथंच एका हातानं अल्मासचं मनगट धरलं, दुसऱ्यानं स्वतःचं, आणि डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "व्हय. हिची झोका घेती. माजी न्हाई."

डॉक्टरीणबाईंचं खरं ठरलं. वर्षभरानं नाडी पुष्कळ उतरली, झोकाही थोडाथोडा परत आला. पण ते नंतर. ज्या वैशाखाची ही गोष्ट आहे तेव्हा ती पळतच होती.

अडचण अशी की अंगठ्यालाही स्वतःची नाडी असते. पूर्वी तिची नाडी सावकाश होती तेव्हा ती आड यायची नाही. आता गिऱ्हाइकाच्या मनगटावर अंगठा ठेवला की तिला स्वतःचीच धडधड लागायची. बाईचा श्वास कधी सुटला, हात कधी सैल पडला, काही कळेना. दुकानात बांगड्या वाढायला लागल्या. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तिच्या हातून वर्षात एखादी वाढायची. आता दिवसाला वाढू लागली. ती वरवर हसायची आणि आत जाऊन चुलीपुढं नुसती बसून राहायची.

मी म्हणालो, "दुकानात बस, विक. भरायचं काम मी करतो."

"तुमचा हात बघितलाय," ती म्हणाली. "बायका घरी जाऊन आयोडेक्स लावतात."

पुण्यात नर्स नाडी बघताना अंगठा वापरत नाही, तीन बोटं वापरते, हे अल्मासच्या ध्यानात होतं. तिनं सांगितल्यावर मेहताबनं पकड बदलायची ठरवली. ऐकायला सोपं आहे. पण अंगठा मनगटावर ठेवून चार बोटांनी पंजा दाबायची तिची तीस वर्षांची सवय. आता बोटं मनगटावर आणि दाब अंगठ्याच्या मुळानं द्यायचा. जेवणारा हात बदलल्यासारखं ते आहे. अख्खा हिवाळा ती अल्मासच्या हातावर शिकली. अल्मास सुट्टीला आली की रडकुंडीला यायची. "अम्मी, माझा हात आहे, पाटा नाही." मेहताब म्हणायची, "नवरीचा हात पाट्यापेक्षा कडक असतो. बस गप." काचांचा ढीग मी रोज सकाळी झाडून काढायचो आणि मोजायचो नाही. होळीच्या सुमारास झाडायला काही उरेना.

तेवढ्यात राधाकृष्णकडच्या लग्नाची तिथी निघाली. राधाकृष्ण म्हणजे सोनईच्या शिवारातला ऊसवाला शेतकरी, त्याच्या घरचे चुडे आमच्याकडे माझ्या वडिलांपासून. त्याची बायको मनकर्णा नवरी होऊन वस्तीवर आली तेव्हा तिचा चुडा मेहताबनंच भरला होता. आता मुलगी ज्ञानेश्वरीचं लग्न. सोयरीक जुळल्यापासून मेहताब त्या चुड्याची वाट बघत होती. पुण्यात तार घालायला आत नेताना अल्मासला म्हणाली होती, त्या पोरीचा चुडा राहिलाय माझा.

आणि मनकर्णाच आमच्या दारात आली, मान खाली घालून. चहा घेईना.

"भाभी, कसं सांगू. सासूबाई ऐकंनात."

"काय म्हनत्यात दगडाआजी?"

मनकर्णानं माझ्याकडं बघितलं. मेहताब म्हणाली, "त्यांच्याम्होरं बोल, त्यांना कमी ऐकू येतं." मला नीट ऐकू येतं. मी बांगड्यांच्या माळा पुसत राहिलो.

"म्हनत्यात, काळजाला डाग दिल्यात तिच्या. डाग दिलेला बैल आपुन वरीसभर जुवाखाली घेत न्हाई. तिचा हात कापतो म्हनं. नातीच्या हातात बांगडी वाढली तर काय करायचं?" तिनं पदरानं डोळे पुसले. "मालक म्हनले, दुसरी बाई आनू. पन तुमी या, मानाची वटी घ्या, लुगडं घ्या."

मेहताबनं तिला पाणी दिलं. मग म्हणाली, "मनकर्णा, वटी मी घेईन, पन कामाची. बसून घ्यायला मी काय तुज्या घरची म्हातारी झाले का?"

"मी काय करू भाभी?"

"तू काय करू नको. चुड्याच्या दिवशी मी माळा घिऊन येते. आजींना म्हन, तोंडावर सांगा, म्हंजे माघारी जाते."

मनकर्णा गेल्यावर मी म्हणालो, नको जाऊ. नवरीच्या हातात बांगडी वाढणं हा आपल्या भागात मोठा अपशकुन. ती एकदा वाढली की शेजारच्या वस्तीवरची आमंत्रणंही बंद होतील, आणि पुढं त्या मुलीच्या संसारात काही झालं तर लोक मेहताबचंच नाव घेतील. हे तिला माहीत होतं.

"नुसती दुसरी बाई आणतो म्हणाले असते तर मी घरी बसले असते," ती म्हणाली. "पण आजी म्हणते माझा हात कापतो. तो कापत नाही. हे मला तिच्या अंगणात सांगायचंय."

चुड्याच्या दिवशी सकाळी आम्ही वस्तीवर गेलो. मांडव घातला होता, पोरीबाळी जमल्या होत्या. दगडाबाई खाटेवर बसलेल्या. ऐंशीच्या घरातल्या, नवरा हयात, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आम्हाला बघून म्हणाल्या, "आलीस व्हय."

"आले आजी. माघारी जा म्हना, जाते."

दारात आलेल्या सवाष्णीला, त्यातून चुडा घेऊन आलेल्या बाईला, जा म्हणायचं तोंड कुणाचं होत नाही. दगडाबाईंचंही झालं नाही. त्यांनी दुसरी वाट काढली. "आधी माजा हात भर. माज्या हातात वाढली न्हाई तर नातीचा भर."

"रीत मोडू नका आजी. नवरीचा हात पयला. तुमचा दुसरा. तुमच्या हातात वाढली तर मग मला काय म्हनायचं ते म्हना."

"आन् तिच्या हातात वाढली तर?"

"तर मी परत या मांडवात पाय ठेवत न्हाई. कुनाच्याच मांडवात न्हाई."

हे असलं काही ती बोलणार आहे हे मला माहीत नव्हतं. मी हातातल्या माळा खाली ठेवल्या.

ज्ञानेश्वरीला पाटावर बसवलं. मुलगी पुण्याला कंपनीत नोकरी करते. काचेच्या बांगड्या तिनं शाळेनंतर घातल्या नव्हत्या. हात बापावर गेलेला, रुंद. वर आजीचं बोलणं ऐकून ती घाबरलेली. मेहताबनं तिचा हात घेतला आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "बर्फ आहे."

एक मावशी म्हणाली, "मोबाईल धरून धरून पंजा रुंद झालाय तिचा." बायका हसल्या. ज्ञानेश्वरी हसली नाही.

मेहताबचा अंगठा सवयीनं मनगटावर गेला. मला दिसला. क्षणभर तो तिथं राहिला, मग तिनं तो उचलला आणि तीन बोटं ठेवली. बांगडी पंजापर्यंत आणली. थांबली. परत मागं घेतली. खाटेवर दगडाबाई पुढं वाकल्या.

"ज्ञानेश्वरी," मेहताब म्हणाली, "तुजं काळीज माज्यावानी पळतंय."

"भीती वाटतीय काकू."

"मला बी वाटतीय. पन ऐक. माज्या काळजाचा कासरा डॉक्टरांनी सोडलाय. मी किती बी श्वास सोडला तरी ते हळू व्हत न्हाई. तुजा कासरा जागेवर हाय. तू सावकाश श्वास सोड, आपुन दोघी तुज्या कासऱ्यावर चालू."

"म्हंजे काय करू?"

"नाकानं घे. तोंडानं सोड. दूध फुंकतीस तसं. घाई न्हाई, लगीन उद्या हाय."

आता ती हसली. तिनं श्वास घेतला आणि सोडला. परत. परत. मेहताब डोळे मिटून तिच्याबरोबर ओठांनी फुंकत होती. मनकर्णानं गाणं सुरू केलं होतं ते मधेच थांबवलं. कुठल्या तरी श्वासाला मेहताबनं काय ऐकलं ते तिलाच माहीत, बांगडी मनगटावर बसलेली होती. ज्ञानेश्वरीनं खाली बघितलं आणि म्हणाली, "गेली?"

"पयली देवाची, गेली. आता तुजी."

मी माळेतून एकेक बांगडी सोडवून देत होतो. मेहताब माझ्याकडं बघत नव्हती. तिची मान वाकलेली, मानेवरची शीर जलद उडताना मला दिसत होती, आणि तिचे हात इतके संथ चालले होते की ते त्या शरीराचे वाटू नयेत. लग्न झाल्यापासून मी तिला बांगड्या भरताना बघत आलो. पण त्या दिवशी मी मांडवात मुद्दाम ताठ बसलो. ही कुणाची बायको असं कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. उजवा हात भरला, डावा भरला. ज्ञानेश्वरीनं दोन्ही हात वर करून वाजवले आणि बायकांनी गाणं उचललं. राधाकृष्ण ओसरीवरून बघत होता, तो घाईघाईनं आत गेला. डोळे पुसायला गेला असावा.

मेहताब उठून घोटभर पाणी प्यायली आणि खाटेशी जाऊन बसली. "आजी, हात."

"राहू दी. झालं की."

"बोलनं झालंय आपलं."

दगडाबाईंनी हात पुढं केला. खुरपून खुरपून सांधे सुजलेले, आणि मनगट कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं. मी सगळ्यात मोठं माप दिलं. दोन गेल्या. तिसरीला मेहताब दाबत असताना म्हातारीनं खोकला काढला. बारीक आवाज आला.

बांगडी वाढली. तुकडा मेहताबच्या अंगठ्यात गेला.

हृदयाच्या उपचारानंतर तिला रक्त पातळ राहायची गोळी चालू होती. साधं खरचटलं तरी रक्त थांबायला वेळ लागायचा. बघता बघता अंगठा लाल झाला, धार मनगटाकडं निघाली. मांडवात, चुड्याच्या दिवशी, रक्त. मी उठायला लागलो. दगडाबाईंनी डोळ्यांनी मला खाली बसवलं. मेहताबचा हात त्यांनी आपल्या पदराखाली ओढला, दुसऱ्या हातानं शेजारच्या ताटातली हळद चिमटीनं उचलली आणि पदराखालीच जखमेवर दाबली. काचेचे तुकडे मांडीखाली सारले. सगळं इतकं झटपट की गाणाऱ्या बायकांना कळलं नाही.

"गप बस," त्या हळूच म्हणाल्या. "हलू नको."

"आजी, तुमच्या हातात वाढली. आता काय म्हनायचं ते म्हना."

"मी खोकले गं. माजा हात आडमुठा हाय, त्याला तू काय करशील." पदराखाली त्यांनी अंगठा घट्ट धरून ठेवला होता. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा बदलला. "आगं, किती उडतंय हे. असं सारखंच असतं?"

"सारखंच."

"दुखतं का?"

"न्हाई. दमत बी न्हाई. नुसतं पळतंय."

"आन् असं पळत असताना तू पोरीचा चुडा भरलास व्हय." दगडाबाईंनी मान हलवली. "आमच्या बैलांनी न्हाई केलं असं कधी."

मनकर्णानं गाणं थांबवून तिकडून विचारलं, "आत्याबाई, काय झालं? बांगडी जाईना का?"

"जाती, जाती. म्हाताऱ्या हाताला येळ लागतो," दगडाबाई ओरडल्या. "तू गानं म्हन. मेहताब हाय हितं."

रक्त थांबायला बराच वेळ लागला. तोवर दोघी तशाच बसून राहिल्या, म्हातारीचा पदर दोघींच्या हातांवर. मग दगडाबाईंनी पदराचीच कड टरकावून अंगठ्याला गुंडाळली, गाठ दातानं ओढली आणि आपला वाकडा हात परत पुढं केला.

"भर. अजून राहिल्यात," त्या म्हणाल्या. "आन् ह्या टायमाला मी श्वास सोडते, तू म्हनतीस तसा."

मेहताबनं माझ्याकडं हात केला. मी तेच माप सोडवून दिलं.